बडोद्यात 'एकच प्याला'चे अभिवाचन: संहितेची कात्री, पदे आणि तरुण वाचकांची तयारी

दांडियाबाजारकर (बडोदे)

नमस्कार मंडळी,

आमचा बडोद्यातील एक हौशी नाट्यगट आहे. त्यात निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, काही गृहिणी आणि महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली अशी मिश्र मंडळी आहेत. पूर्ण नाटक उभे करायचे म्हटले की नेपथ्य, वेशभूषा, नगरगृहाचे भाडे आणि सर्वांच्या वेळा जुळवणे यांतच शक्ती खर्ची पडते आणि पुष्कळदा नाटक तालमीच्या पुढे सरकतच नाही. म्हणून जुन्या अभिजात मराठी नाटकांची अभिवाचने करायची असे आम्ही ठरवले आहे. पाठांतर करायचे नाही, नेपथ्य ठेवायचे नाही. तालीम मात्र पूर्ण करायची, म्हणजे हातात संहिता असली तरी वाचन आयत्या वेळी केल्यासारखे वाटता कामा नये.

पहिले नाटक म्हणून राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' घ्यावे असे सर्वांच्या मनात आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले आणि त्यानंतर महिनाही उलटला नव्हता तेव्हा, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग आमच्या बडोद्यात केला. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर, म्हणजे दारूत बुडणारा तिचा नवरा, या शहराने सर्वांत आधी पाहिला. आज मात्र येथील मराठी घरांतल्या तरुण मुलांना हे नाटक एखाद्या पदाच्या ध्वनिमुद्रणापलीकडे ठाऊक नाही. गडकऱ्यांचे गद्य कानावर पडावे, एवढीच आमची इच्छा आहे.

अडचणी तीन आहेत. पाच अंकांचे हे नाटक सबंध वाचले तर रात्र सरेल. मांजलपूर, कारेलीबाग अशा दूरच्या भागांतून येणाऱ्या श्रोत्यांना दोन-अडीच तासांपेक्षा अधिक बसवणे शक्य नाही. मग कात्री कोठे लावावी? दुसरी अडचण पदांची: ती गावीत, वाचावीत की गाळावीत? तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते. आमची तरुण मंडळी गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली आहेत. घरी मराठी बोलतात, परंतु गडकऱ्यांचे अर्ध्या पानाचे वाक्य समोर आले की मध्येच अडखळतात. एकाने तर संवाद गुजराती लिपीत लिहून द्याल का, असे विचारले. ते करावे का?

ज्यांनी अशी वाचने केली किंवा बसवली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी संहिता (बडोदे)

आपण योजलेले काम फार मोलाचे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कात्री लावण्यापूर्वी एकदा संपूर्ण नाटक सर्वांनी मिळून, घड्याळ न पाहता, मोठ्याने वाचावे. त्यासाठी दोन-तीन संध्याकाळी लागतील, पण हे टाळून कोणी एकट्याने घरी बसून कापाकापी केली, तर डोळ्यांना लांब वाटणारा मजकूर गळतो आणि कानाला लांब वाटणारा तसाच राहतो. या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात. सुधाकराची किंवा त्याचा मित्र रामलाल याची प्रदीर्घ भाषणे पानावर भिंतीसारखी उभी दिसतात. चांगल्या गळ्यातून आली की श्रोता जागचा हलत नाही. उलट कोट्यांनी भरलेले लहान लहान विनोदी प्रवेश पानावर चटपटीत वाटतात आणि प्रत्यक्षात त्यांतल्या निम्म्या कोट्या आजच्या श्रोत्यापर्यंत पोचतच नाहीत.

त्यामुळे माझे मत असे की, मोठी भाषणे शक्यतो आतून कापू नयेत. गडकऱ्यांचे वाक्य पायरीपायरीने चढते. मधली पायरी काढली की शेवटचा शब्द अधांतरी राहतो. एका प्याल्यापासून माणूस कोठवर जातो याचा जो क्रम एका भाषणात मांडला आहे, तो या नाटकाचा पाया आहे. त्या क्रमातली एक जरी अवस्था गाळली, तरी सुधाकर ज्या वाटेने जातो ती वाट श्रोत्याला ओळखू येणार नाही. ते भाषण पूर्ण वाचा आणि गटातला सर्वांत भक्कम आवाज त्याला द्या.

कात्री लावायची ती उपकथानकाला. बालविधवा शरद, भगीरथ आणि रामलाल यांच्यातील प्रवेशांचे संकलन करता येते. मात्र रामलालच्या मनातील द्वंद्व ज्या प्रवेशात उघड होते तो ठेवावा, नाहीतर रामलाल नुसता उपदेशक उरतो. आर्यमदिरामंडळाचे, म्हणजे दारुड्यांच्या मंडळाचे, प्रवेशही थोडे आखडते घ्यावेत, पण गाळू मात्र नयेत. तळीराम आणि त्याचे सोबती हसवतात म्हणूनच सुधाकराचा नाश अंगावर येतो, आणि तळीरामाच्या तोंडची दारूची तरफदारी इतकी हुशार आहे की ती ऐकल्यावाचून रामलालच्या युक्तिवादाचे वजन कळत नाही.

आता तिसऱ्या अडचणीविषयी. गुजराती लिपीत संहिता देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. आपली मुले देवनागरी वाचू शकतात. त्यांना लिपी अडवत नाही, वाक्याची लांबी अडवते. त्यावर उपाय श्वासाच्या खुणांचा. प्रत्येक वाचकाने आपल्या प्रतीत पेन्सिलने, अर्धा श्वास घ्यायचा तेथे एक उभी रेघ आणि पूर्ण श्वास घ्यायचा तेथे दोन उभ्या रेघा ओढाव्यात. या रेघा स्वल्पविरामांवर विसंबून ओढू नयेत, कारण जुन्या छपाईतले स्वल्पविराम डोळ्यांच्या सोयीचे असतात. वाक्यातले मुख्य क्रियापद शोधावे, त्याच्याखाली रेघ मारावी आणि तेथपर्यंत आवाज खाली पडू देऊ नये. आपल्याकडे क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते आणि दमलेला वाचक नेमका तेथेच पडतो, त्यामुळे श्रोत्याला सगळे ऐकू येते पण काय झाले ते कळत नाही.

उच्चारांकडेही लक्ष असावे. बडोद्यात वाढलेल्या मुलांच्या बोलण्यात 'चाक' आणि 'चार' यांतला च, किंवा 'जग' म्हणजे विश्व आणि 'जगणे' यांतला ज, पुष्कळदा सारखाच होतो, कारण गुजरातीत हा भेद नाही. देवनागरीही तो दाखवत नाही. म्हणून जेथे दंततालव्य, म्हणजे 'चाक'मधल्यासारखा, उच्चार हवा तेथे अक्षराखाली पेन्सिलने टिंब द्यावे. पहिल्या काही तालमींत हे कंटाळवाणे वाटेल, परंतु मुलांचा कान लवकर तयार होतो.

संहितेची चांगली प्रत हाताशी नसेल, तर मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करावी. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० मध्ये, सुरू झालेल्या या ग्रंथालयात जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. शक्य असल्यास दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. छपाईच्या चुका वाचकाच्या तोंडून बाहेर पडल्या की त्या चुका राहत नाहीत, पाठ होऊन बसतात.

पायपेटी (बडोदे)

मी हार्मोनिअम वाजवतो आणि नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना साथ करतो, म्हणून केवळ पदांविषयी लिहितो.

पदे गद्यासारखी वाचू नयेत, ही माझी पहिली विनंती. ती गायनासाठीच रचली गेली; चालीवाचून नुसते शब्द म्हटले तर उगाच उपचार केल्यासारखे वाटते. एक गोष्ट आपणांस ठाऊक असेलच की, 'एकच प्याला'तील पदे गडकऱ्यांची नाहीत. त्यांच्या हातून ती व्हायच्या आत ते गेले आणि विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी ती लिहिली. काही चाली बालगंधर्वांना गायिका सुंदराबाईंकडून मिळाल्या होत्या. म्हणजे या नाटकाचे गद्य एका हातचे आणि पदे दुसऱ्या हातची आहेत. त्यामुळे काही पदे गाळली म्हणून गडकऱ्यांच्या शब्दाला धक्का लागत नाही. पूर्ण गद्य वाचनही म्हणूनच चुकीचे ठरणार नाही. पण बडोद्यात सिंधू गाणारच नाही, हे मला व्यक्तिशः सोसणार नाही.

तीन किंवा चार पदे निवडावीत, ती सिंधूचीच असावीत आणि 'कशी या त्यजूं पदाला' त्यांत असावेच. प्रत्येक पदाचा मुखडा आणि एक अंतरा गावा. आलाप-तानांचा विस्तार करू नये. संगीत नाटकात त्या विस्तारासाठी प्रेक्षक येत असत आणि 'वन्स मोअर'ही मिळत असे, परंतु अभिवाचनात गाणे लांबले की संवादाचा ताण सुटतो आणि परत येणाऱ्या वाचकाला तो शून्यापासून उभारावा लागतो.

सिंधू वाचणारी व्यक्ती गाणारी असलीच पाहिजे असे नाही. मला तर दोन वेगळ्या व्यक्ती अधिक बऱ्या वाटतात. गायिका पेटी-तबल्याजवळ बाजूला बसावी. पद सुरू झाले की वाचणाऱ्या सिंधूने संहिता मिटावी आणि समोर पाहत राहावे, गाण्याचा अभिनय करू नये. मात्र दोघींचा स्वर फार दूर नको. वाचणारीचा बोलण्याचा स्वर खालचा आणि गायिका काळी चारमध्ये, म्हणजे उंच पट्टीत, गाणारी, असे झाले की सिंधू एकदम दुसरीच बाई वाटू लागते. तालमीतच दोघींना शेजारी बसवून कोणत्या पट्टीत सांधा कमीत कमी जाणवतो ते ठरवावे.

शेवटची सूचना साथीदारांसाठी. संवादाचे शेवटचे वाक्य चालू असतानाच पेटीवर स्वर धरण्याची आम्हा वादकांना सवय असते. नाटकात ते शोभते, वाचनात ते वाक्य बुडते. वाक्य पूर्ण होऊ द्यावे, मग स्वर द्यावा.

राजवाड्याजवळची (इंदूर)

इंदुरातून लिहिते आहे. आपल्या उपक्रमाबद्दल वाचून फार आनंद झाला, कारण आमच्या गटाने असेच कारण धरून देवलांच्या 'संगीत शारदा'चे वाचन केले. त्या नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ मध्ये इंदुरात केला होता. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या या शहरांनी मराठी नाटकाला काय दिले, हे आपणच विसरत चाललो आहोत. तेव्हा अशा वाचनांना केवळ हौस म्हणू नये असे मला मनापासून वाटते.

तरीही एक मतभेद नोंदवते. अगदी पहिल्या वाचनासाठी 'एकच प्याला' फार अवघड आहे. त्याऐवजी देवलांचेच 'संशयकल्लोळ' घ्या, असे मी सुचवेन. त्याची वाक्ये छोटी आणि बोलीच्या लयीतली आहेत, फाल्गुनराव-कृत्तिका आणि अश्विनशेठ-रेवती यांच्यातले गैरसमज नुसत्या आवाजावर उभे राहतात, आणि पदांचा प्रश्नही तेथे सोपा आहे. देवलांनी हे नाटक आधी 'फाल्गुनराव' या नावाने गद्यातच लिहिले होते. पदे घालून ते संगीत नाटक म्हणून १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. तेव्हा पदे वगळून वाचले तरी मूळ लेखकाच्या पहिल्या रूपाकडेच आपण जातो. तरुण मुलांना हशा मिळाला की त्यांची भीती जाते, आणि मग गडकऱ्यांकडे जाता येते.

निर्णय आपला आहे, म्हणून कोणतेही नाटक घेतले तरी उपयोगी पडेल असे काही सांगते.

रंगसूचना वाचण्यासाठी एक स्वतंत्र व्यक्ती नेमा आणि तिला गटातले दुय्यम काम समजू नका. प्रवेश कोठे घडतो, कोण आले, कोण गेले, हे श्रोत्याला तिच्याकडूनच कळते. तिचा आवाज पात्रांच्या आवाजांपेक्षा शांत आणि थोडा जलद असावा. जी रंगसूचना पुढच्या संवादातून आपोआप कळते ती वाचू नये. 'रागाने' असे लिहिलेले असेल तर वाचकाने ते वाक्य रागाने म्हणावे; 'रागाने' हा शब्द ऐकवण्याची गरज नाही. आमच्या प्रतींत आम्ही वाचायच्या सूचनांभोवती चौकट करतो आणि न वाचायच्या सूचना खोडून टाकतो, म्हणजे आयत्या वेळी कोणाचा गोंधळ होत नाही.

स्वगतांचा विचार आधी करून ठेवा. जुन्या नाटकांत ती पुष्कळ असतात आणि वाचनात समोरच्या पात्राला ती ऐकू येत नाहीत हे दाखवायला हालचालीची सोय नसते. आम्ही नजरेचा नियम केला: दुसऱ्या पात्राशी बोलताना सर्वांनी समोर, श्रोत्यांच्या डोक्यांच्या किंचित वर एका ठरावीक बिंदूकडे पाहायचे, आणि स्वगत म्हणताना थेट श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहायचे. वाचकांनी एकमेकांकडे वळून बोलू नये. वळले की आवाज माईकपासून दूर जातो आणि अर्धवट अभिनय केल्यासारखे दिसते.

संहिता कागदाच्या एकाच बाजूला, मोठ्या टंकात छापा आणि पान वाक्याच्या मध्ये संपू देऊ नका. छापायच्या आधी थोडा वेळ देऊन पाने जुळवली, तर नंतरचा फार त्रास वाचतो. पाने स्टेपल करू नयेत. सुटी पाने स्टँडवर ठेवून वाचलेले पान डावीकडे सरकवावे, म्हणजे माईकमध्ये पान उलटण्याची खरखर येत नाही. मोबाइल किंवा टॅबवरून वाचणे आम्ही करून पाहिले आणि सोडून दिले, कारण पेन्सिलच्या खुणा तेथे नीट करता येत नाहीत आणि पडद्याचा उजेड चेहऱ्यावर पडतो.

अलकापुरीची वाचक (बडोदे)

मी नाटकातली जाणकार नाही. अशा वाचनाला श्रोता म्हणून येणाऱ्यांपैकी मी एक आहे आणि त्या नात्याने एक प्रश्न मांडते आहे, जो वरच्या कोणी घेतलेला नाही.

आजच्या मुलींनी सिंधू कशी ऐकावी? नवरा दारूत बुडतो, घर जाते, भाऊ माहेरी न्यायला तयार असतो, तरी ती जागची हलत नाही; शेवटी नवऱ्याच्याच हातून तान्हे मूल जाते. १९१९ च्या प्रेक्षकाने तिच्या पातिव्रत्याला हात जोडले असतील. माझ्या मुलीच्या वयाच्या श्रोत्यांना राग येईल, आणि तो येणे मला योग्य वाटते. परंतु वाचणाऱ्यांनी त्या रागाला भिऊन सिंधूचे संवाद सौम्य करू नयेत किंवा कापून टाकू नयेत. ती जे बोलते ते पूर्ण विश्वासाने वाचले गेले, तरच आपल्याला तिच्याशी भांडता येईल.

'जुनी संहिता' यांनी उपकथानक कापायला सांगितले आहे. त्यात तळीरामाची बायको गीता कापली जाईल, अशी मला भीती वाटते. कृपया ते करू नये. गीता याच नाटकात आहे, तिचाही नवरा दारुडा आहे आणि ती गप्प बसत नाही, त्याला तोंडावर सुनावते. गडकऱ्यांनी सिंधूच्या शेजारी गीतेला उभे केले आहे हे लक्षात घेतले की नाटक एकसुरी राहत नाही. शरदचेही तसेच. बालविधवा मुलीच्या आयुष्याविषयी बाकीचे सगळे बोलत असताना तिला स्वतःला बोलण्याची जी थोडी जागा मिळते, ती तरी काढून घेऊ नये.

वाचनानंतर अर्धा तास गप्पांसाठी ठेवता आला तर पाहावे. भाषण, प्रमुख पाहुणे, सत्कार यांत तो वेळ जाऊ नये.

जुनी संहिता (बडोदे)

ताई, आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. मी संकलन म्हटले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर भगीरथाचे आणि वैद्य-डॉक्टरांचे प्रवेश होते. गीतेचे प्रवेश राहिलेच पाहिजेत. किंबहुना गीता वाचण्यासाठी गटातल्या महाविद्यालयीन मुलींपैकी कोणाला तरी निवडावे. तिची भाषा घरगुती आणि खटकेबाज आहे, लांब वाक्यांची धास्ती तिच्या संवादांत वाटणार नाही, आणि दांडगा आत्मविश्वास असलेली मुलगी ते काम उत्तम करील.

इंदूरच्या ताईंच्या सूचनेविषयी: 'संशयकल्लोळ' सोपे आहे हे खरे, पण सोपे म्हणून ते वाईट वाचले जाण्याचा धोकाही आहे. प्रहसनाला वेग लागतो, आणि संहिता हातात धरून वेग सांभाळणे हे लांब वाक्य सांभाळण्याइतकेच कठीण असते. एकाचे वाक्य संपण्याआधी दुसऱ्याची नजर आपल्या ओळीवर गेलेली असावी लागते. म्हणून मला वाटते, बडोदेकरांनी आपल्या पहिल्या निवडीवर ठाम राहावे आणि तालमींना वेळ अधिक द्यावा.

दांडियाबाजारकर (बडोदे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या आपुलकीने आणि बारकाव्याने उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते.

गटाची बैठक झाली. 'एकच प्याला'च करायचे ठरले आहे. सबंध नाटक आधी एकदा एकत्र वाचायचे, मग रंगावृत्ती तयार करायची. गुजराती लिपीचा विचार सोडला; ज्याने तो काढला होता त्यानेच श्वासाच्या रेघा ओढून रामलालच्या एका भाषणाचा पहिला परिच्छेद वाचून दाखवला आणि तो सर्वांना स्वच्छ कळला. सिंधूची तीन पदे गायली जातील. दांडिया बाजारातला एक लहान सभागृहवजा दिवाणखाना मिळतो आहे, तेथे साठ-सत्तर माणसे दाटीवाटीने बसू शकतात.

आता दोन प्रश्न उरले आहेत. एक, पुढे आम्हाला अत्रे आणि शिरवाडकर यांचीही नाटके वाचायची आहेत. नुसत्या वाचनालाही परवानगी लागते का? दुसरा, पाचव्या अंकाचा शेवट. मूल गेलेले, सिंधू मरणाच्या दारी, सुधाकर विष घेतो: इतके सगळे नुसत्या खुर्च्यांवर बसून वाचताना ते खोटे तर वाटणार नाही ना, ही चिंता आहे.

कारेलीबागेतून (बडोदे)

वकिलीचा व्यवसाय करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो.

आपल्याकडे नाट्यकृतीवरील हक्क लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे टिकतो. देवल १९१६ मध्ये, गडकरी १९१९ मध्ये आणि खाडिलकर १९४८ मध्ये वारले. त्यांची नाटके आता सर्वांसाठी खुली आहेत. गुर्जर १९६२ मध्ये गेले, त्यामुळे 'एकच प्याला'च्या पदांचीही मुदत २०२२ अखेर संपली. अत्रे १९६९ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या नाटकांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. शिरवाडकरांचे निधन १९९९ चे, तेव्हा तेथे अजून पुष्कळ वर्षे बाकी आहेत.

संपूर्ण नाटकाचे जाहीर वाचन हा कायद्याच्या दृष्टीने प्रयोगच धरावा. हौशी मंडळाने श्रोत्यांकडून काहीही मूल्य न घेता केलेल्या प्रयोगाला, तसेच प्रकाशित कृतीतील माफक उतारे जाहीरपणे वाचण्याला कायद्यात सूट आहे. परंतु प्रवेशमूल्य ठेवले किंवा वाचन ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर टाकले, तर ही सूट पुरत नाही. माझा सल्ला असा की, हक्क शिल्लक असलेल्या नाटकासाठी प्रवेश विनामूल्य असला तरी हक्कधारकांना पत्र लिहून लेखी अनुमती घ्यावी आणि संहितेत कात्री लावणार असल्यास तेही त्या पत्रात स्पष्ट लिहावे. संहितेत बदल करणे हा निराळा मुद्दा आहे आणि पुढे कटुता येते ती बहुधा त्यावरूनच.

जुनी संहिता (बडोदे)

पाचव्या अंकाविषयी.

शेवट खोटा वाटतो तो वाचकांनी आधीपासून रडवेला सूर लावल्यामुळे. गडकऱ्यांनी शोक शब्दांत इतका भरून ठेवला आहे की आवाजात आणखी भर घालण्याची गरज नाही. सिंधू वाचणारीने शेवटचे संवाद साध्या, जवळजवळ घरगुती स्वरात वाचावेत. ती नवऱ्याला सांभाळून घेते आहे, स्वतःविषयी बोलत नाही. सुधाकराचे उलट आहे. त्याला शुद्धीवर आल्यावरची भयंकर स्पष्टता हवी. चौथ्या अंकापर्यंत त्याची जीभ जड ठेवली असेल तर शेवटच्या भाषणात शब्दन् शब्द सुटा आणि लख्ख यावा, म्हणजे दारू उतरली आहे हे अभिनयावाचून कळते. तळीरामाच्या संगतीतली त्याची बोबडी मात्र कमीत कमी ठेवा. अडखळत बोलणारा दारुडा पाच मिनिटे चालतो, पुढे श्रोते कंटाळतात.

मूल जाते तो क्षण आणि विष घेण्याचा क्षण, या दोन्ही ठिकाणी रंगसूचना वाचावी लागेल, कारण संवादातून कृती पुरेशी कळत नाही. ती वाचणाऱ्याने वर्तमानपत्रातल्या बातमीइतक्या कोरड्या स्वरात वाचावी आणि पुढच्या वाक्याआधी सर्वांनी मनात चार आकडे मोजावेत. हे मोजणे तालमीत ठरवले नाही, तर कोणीतरी घाईने बोलून जाते.

आणखी एक करा. पाचव्या अंकाची तालीम पहिल्या चार अंकांना जोडून घेऊ नका. वाचक थकलेले असतात आणि त्या थकव्यालाच करुणरस समजण्याची चूक होते. त्या अंकासाठी स्वतंत्र दिवस ठेवा, प्रथम नुसते शब्द आणि श्वास पक्के करा, आणि सबंध नाटक सलग वाचण्याची तालीम प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या आधी दोनदा तरी घ्या. दिवाणखाना लहान आहे म्हणता, तर माईक लावूच नका. साठ-सत्तर माणसांना न ओरडता ऐकू जाईल असा आवाज तालमीतच घडवता येतो. शेवटच्या रांगेत आपल्यापैकी एकाला बसवून, न कळलेल्या प्रत्येक वाक्यावर त्याने हात वर करायचा, एवढी व्यवस्था त्यासाठी पुरेशी आहे.